मेदोकची रेड वाइन: आधी मिसळून पाहा, मग विकत घ्या

फ्रान्समधल्या बोर्दोच्या रेड वाइनची बाटली हातात घेऊन पुढच्या लेबलवर द्राक्षाचं नाव शोधायला गेलं, तर बहुतेक वेळा काही सापडत नाही. शातोचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याचं नाव असतं, गावाचं असतं, द्राक्षं काढल्याचं साल असतं, एखाद्या वाड्याचं चित्र असतं. कॅबर्ने की मर्लो हे सांगायची गरज तिथल्या लोकांना वाटत नाही, कारण बाटलीत दोन्ही असतात आणि बरेचदा आणखी एखादं. ‘शिराझ’, ‘कॅबर्ने’ अशी सरळ नावं वाचून नाशिकच्या वाइनवर शिकलेल्या आपल्यासारख्यांची इथेच पंचाईत होते. मग एकतर दुकानदार देईल ते घ्यायचं, नाहीतर कुठेतरी नाव ऐकलेल्या शातोसाठी नको तेवढे पैसे मोजायचे.

हा लेख बोर्दोच्या एकाच भागाबद्दल आहे, मेदोकबद्दल. समुद्राकाठचा, थंडाव्याचा, बेभरवशाच्या हवेचा हा पट्टा. ब्लेंड म्हणजे मिश्रण का करावं लागतं, हे इथे जितकं लख्ख दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसेल. ही वाइन समजून घ्यायचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकदा स्वतः मिश्रण करून पाहणं, असं माझं मत आहे. लेबल, साल, किंमत यांचा हिशेब त्यानंतर पटापट लागतो.

मिश्रण का करतात

नकाशात बोर्दो शहर शोधा आणि तिथून वर, उत्तरेकडे या. पश्चिमेला अटलांटिक महासागर, पूर्वेला जिरोंदची रुंद खाडी आणि मधे निमुळतं होत गेलेलं भूशिर, ते मेदोक. द्राक्षमळे समुद्राला लागून नाहीत. ते खाडीच्या बाजूच्या चिंचोळ्या पट्ट्यात आहेत. समुद्र आणि मळे यांच्यामध्ये लांदचं पाइनचं जंगल आहे, ते खाऱ्या वाऱ्याला बरंचसं अडवतं. यातली बरीच जमीन पूर्वी दलदल होती. सतराव्या शतकात डच लोकांनी चर खणून पाणी काढून दिलं, तेव्हा खालचे गोट्यांचे उंचवटे लागवडीला मोकळे झाले.

अक्षांश ४५ उत्तर. आपल्यासारखे चार महिने पावसाचे आणि बाकीचे कोरडे, असा प्रकार नाही. पाऊस वर्षभर अधूनमधून येत राहतो. एप्रिलमध्ये कोवळ्या फुटव्यांवर गोठवणारं दहिवर पडू शकतं. जूनच्या फुलोऱ्यात थंड पाऊस लागला तर फळधारणाच होत नाही. सप्टेंबरमध्ये पाऊस रेंगाळला की घड सडतात. फेब्रुवारी १९५६च्या कडाक्याने बोर्दोतल्या बऱ्याच वेली मारल्या. एप्रिल २०१७मध्ये पुन्हा दहिवर पडलं, तेव्हा खाडीला लागून असलेले मळे बरेचसे वाचले आणि थोडे आत असलेले करपले. खाडीचं पाणी काठची हवा गोठू देत नाही. ‘चांगल्या वेलीला नदी दिसते’, असं मेदोकमध्ये म्हणतात. त्यामागे हे असं रोकडं कारण आहे.

मर्लोला फुटवे लवकर येतात आणि ती पिकतेही लवकर. म्हणजे एप्रिलच्या दहिवरात तीच आधी सापडते, पण शरदातला पाऊस जोर धरायच्या आत तिची काढणी उरकते. कॅबर्ने सोव्हिन्यों (पुढे नुसती ‘कॅबर्ने’) उशिरा फुटते, त्यामुळे बरेचदा दहिवरातून सुटते. मात्र पिकायलाही तिला आठवडा-दोन आठवडे जास्त लागतात आणि तेवढ्यात हवा फिरली तर ती अर्धीकच्ची राहते. एकच जात लावणं म्हणजे सगळा मळा एका पत्त्यावर लावणं. विदर्भात कापसात तुरीच्या ओळी टाकतात, त्यातलीच ही अक्कल. चव वगैरे नंतर आली.

कुठे काय लावायचं हे जमीन ठरवते. गोटे आणि वाळू असलेल्या उंचवट्यावर पाणी थांबत नाही आणि दिवसाची ऊब टिकते. तिथे कॅबर्ने. चिकणमातीच्या थंड जमिनीवर मर्लो. नदीपलीकडे, सेंत-एमिलियों आणि पोमरोलमध्ये, चिकणमाती आणि चुनखडी जास्त, म्हणून तिकडच्या बाटलीत मर्लो पुढे असते.

बाकीचे भिडू थोडक्यात. कॅबर्ने फ्रां सुगंध आणि ताजेपणा देते. कॅबर्ने सोव्हिन्योंची ती एक पालक आहे. दुसरी पालक पांढरी सोव्हिन्यों ब्लां, हे कॅलिफोर्नियात डीएनए तपासणीतून १९९०च्या दशकात सिद्ध झालं. पेती व्हर्दो सगळ्यात उशिरा पिकते. रंग आणि टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरट घटक, इतकं देते की दोन-चार टक्केही जाणवतात. मालबेक आता नावापुरती उरली. कार्मेनेर फिलॉक्सेरा या वेलींच्या मुळांवरच्या किडीच्या साथीनंतर बोर्दोतून जवळपास नाहीशी झाली आणि १९९४मध्ये चिलीत, मर्लो समजून लावलेल्या मळ्यांमध्ये, सापडली.

ओट्यावरचा प्रयोग

चार जण असतील तर मजा येते, पण दोघांतही होतो.

एक बाटली कॅबर्ने सोव्हिन्यों, एक बाटली मर्लो. दोन्ही साधारण एकाच किमतीच्या, एक-दोन वर्षांच्या फरकातल्या, आणि ओकच्या लाकडाचा वास फार नसलेल्या. नाशिक किंवा अकलूजकडची कॅबर्ने सहज मिळते, मर्लो थोडी शोधावी लागते. आयात केलेली चालेल. बाटलीवर एकाच द्राक्षाचं नाव असलं तरी आत शंभर टक्के तेच असतं असं नाही. युरोपच्या नियमात ८५ टक्के असलं की पुरतं. प्रयोगाला त्याने फारसा फरक पडत नाही.

औषधाच्या दुकानातून १० मिलिलिटरच्या दोन नव्या सिरिंज आणा, सुई नको. मोजायला याहून सोपं साधन नाही. सारख्या आकाराचे चार ग्लास घ्या आणि बुडाला कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवा. पाणी हवं आणि कोरडा पाव किंवा पोळी. चीज, फरसाण, शेंगदाणे नंतर. तेल-मीठ तोंडात असलं की टॅनिनचा अंदाज येत नाही.

दोन्ही बाटल्या आधी सारख्याच थंड करून घ्या. एक १६ अंशांवर आणि दुसरी २८ अंशांवर असेल तर तुम्ही द्राक्षं तपासत नाही, तापमान तपासताय.

पहिल्या ग्लासात ५० मिलिलिटर नुसती कॅबर्ने, दुसऱ्यात ५० मिलिलिटर नुसती मर्लो. तिसऱ्यात ३५ कॅबर्ने आणि १५ मर्लो, म्हणजे ७०-३०. चौथ्यात उलटं. ग्लास हलवून ताटलीने झाका आणि दहा मिनिटं तसेच ठेवा.

आता नुसती कॅबर्ने. वास काळसर फळांचा, त्यात कधी पेन्सिल तासल्याचा आणि कधी ढोबळी मिरचीचा. हा मिरचीचा वास पायराझिन नावाच्या संयुगांचा. द्राक्ष पिकताना, उन्हात, ती कमी होत जातात. म्हणून थंड सालात किंवा दाट पानांच्या सावलीत पिकलेल्या कॅबर्नेत हा वास राहतो. थोडा असेल तर मला आवडतो, वाइनला तरतरी येते. पार भाजीवाल्याच्या टोपलीसारखा आला तर द्राक्ष कच्चं होतं असं समजा. पहिला घोट तोंडभर फिरवा. सुरुवात ठसठशीत असते. शेवटी हिरड्या आणि गालाच्या आतली बाजू कोरडी पडते, ते टॅनिन. मधल्या क्षणी, जिभेच्या मध्यावर, काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं का, तिकडे नीट लक्ष द्या.

मर्लो लगेच घ्या. मनुका, पिकलेलं आलुबुखार, मऊपणा. जिभेचा मध्य भरून येतो. पण गिळल्यावर चव लवकर विरते.

मग ७०-३०चा ग्लास. मिश्रण नीट जमलं असेल तर कॅबर्नेतली ती मधली पोकळी भरलेली जाणवते आणि शेवटचा कोरडेपणा तसाच उरतो, फक्त तितका बोचत नाही. ३०-७० मध्ये पहिल्याच घोटाला बरं वाटतं. तिथे जमलेल्यांपैकी निम्मे तरी हाच ग्लास उचलतील. अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. बरेच जण पक्ष बदलतात.

दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या लपवा. एकाने ९०-१०, ८०-२०, ६०-४० असे ग्लास बनवायचे, बाकीच्यांनी ओळखायचे. पाच-दहा टक्क्यांचा फरक कळतो, यावर आधी कुणाचा विश्वास बसत नाही. मिश्रणाची चव सरासरीने ठरत नाही, हेही याच फेरीत लक्षात येतं. दहा टक्के मर्लो घातलेला ग्लास कधीकधी नुसत्या कॅबर्नेपेक्षा जास्त कॅबर्नेसारखा लागतो, कारण टोकं बोथट झाली की फळाचा वास पुढे येतो. घरात शिराझ उघडी असेल तर तिसऱ्या फेरीत अडीच मिलिलिटर शिराझ टाकून पाहा. मेदोकमध्ये शिराझ चालत नाही, पण पाच टक्के पाहुण्याने किती गडबड होते ते समजतं.

शातोंमध्ये हेच काम मोठ्या प्रमाणावर होतं. काढणीनंतर मळ्याचा एकेक तुकडा वेगळा आंबवतात. थंडीच्या दिवसांत सगळे नमुने टेबलावर येतात आणि मोजपात्रं घेऊन माणसं प्रमाणं जुळवत बसतात. वसंतात, एप्रिलच्या सुमारास, बाहेरचे खरेदीदार नमुने चाखायला येतात. वाइन मात्र २२५ लिटरच्या पिंपांमध्ये साधारण १२ ते १८ महिने मुरत राहते. मुख्य मिश्रणात न बसलेले तुकडे ‘दुसरी वाइन’ म्हणून वेगळ्या नावाने विकतात. हे खरेदीच्या वेळी कामाला येईल.

लेबलवर कुठे बघायचं

आधी गाव. लेबलवर नुसतं ‘बोर्दो’ असेल तर द्राक्षं बोर्दोतल्या कुठल्याही कोपऱ्यातली असू शकतात आणि मर्लोच जास्त असण्याची शक्यता मोठी, कारण बोर्दोतल्या लाल द्राक्षांच्या लागवडीत जवळपास दोन तृतीयांश मर्लोच आहे. ‘मेदोक’ म्हणजे भूशिराचा उत्तरेकडचा भाग. ‘ओ-मेदोक’ म्हणजे दक्षिणेकडचा, गोट्यांचे उंचवटे जास्त असलेला. त्याच्या आत सहा गावांची नावं स्वतंत्रपणे येतात: सँ-तेस्तेफ, पोयाक, सँ-ज्युलियँ, मार्गो, लिस्त्राक, मुलिस. पोयाक म्हणजे कॅबर्नेचं माहेर. तिथल्या शातो लातूरमध्ये कॅबर्ने अनेक सालांत नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. सँ-तेस्तेफमध्ये चिकणमाती जास्त, म्हणून मर्लोही बरीच. मार्गोची वाइन सुगंधी आणि तुलनेने हलकी.

आता न फसण्याचे शब्द. ‘ग्रां व्हें द बोर्दो’ हे सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं आणि दर्जाची कसलीही हमी देत नाही. ‘बोर्दो सुपेरियर’चे नियम थोडे कडक आहेत, पण नाव भारदस्त म्हणून भारावून जाऊ नका. ‘ग्रां क्रू क्लासे आँ १८५५’ म्हणजे १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेली उतरंड, तीही मुख्यतः त्या काळच्या बाजारभावावरून. पाच पायऱ्या आहेत आणि पहिल्या पायरीत आजवर एकच मोठी बढती झाली आहे: शातो मूतों रोथशिल्ड, १९७३मध्ये. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या भावांवर आज किती भरवसा ठेवायचा ते तुम्ही ठरवा. ‘क्रू बूर्ज्वा’ ही मेदोकमधल्याच, त्या उतरंडीबाहेरच्या शातोंची यादी. ती ठरावीक वर्षांनी नव्याने तपासतात, त्यामुळे माझ्या दृष्टीने ती जास्त उपयोगी. ‘मिझ आँ बुतेय ओ शातो’ म्हणजे बाटली शातोमध्येच भरली.

अल्कोहोलचा आकडाही बघा. १२.५ ते १३ टक्के असेल तर साल बहुधा थंड गेलं. १४.५ असेल तर उन्हाळा तापला होता.

साल

नाशिकला द्राक्षं कोरड्या हवेत, जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, म्हणून तिथे साल बघण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. मेदोकमध्ये ती लावून घ्यावी लागते.

२००९, २०१०, २०१६, २०१९, २०२० ही भरवशाची. २०२२चा उन्हाळा उष्ण आणि कोरडा होता, वाइन दणकट आहेत. २०१३ थंड आणि ओलं, टाळा. २०१७मध्ये दहिवराने मळ्यामळ्यात फरक पडला. २०२१ही थंडच, पण मी ते टाळणार नाही. त्यातल्या चांगल्या बाटल्या हलक्या, सडपातळ, जुन्या धाटणीच्या आहेत. जास्त वाट न पाहता पिता येतात आणि जेवणाबरोबर छान जातात.

हवामान तापतंय याची दखल तिथल्या नियमांनीही घेतली आहे. २०२१मध्ये मारसेलान, तूरिगा नासियोनाल अशा चार नव्या लाल जातींना ‘बोर्दो’ आणि ‘बोर्दो सुपेरियर’ या वाइनपुरती परवानगी मिळाली, मिश्रणात जास्तीत जास्त दहा टक्के. ओ-मेदोक किंवा पोयाकला ती लागू नव्हती.

पैसे कुठे घालायचे

भारतात आयात शुल्क आणि राज्याचे कर धरून किंमत फ्रान्सच्या कितीतरी पट होते. म्हणून इथे विकत घेताना अगदी स्वस्तातली ‘बोर्दो’ घेऊ नका. तिच्या किमतीत वाइनचा वाटा फार थोडा असतो. त्या पैशात नाशिकची चांगली बाटली येते. घ्यायचीच तर एक पायरी वर जा: चांगल्या सालातली क्रू बूर्ज्वा, किंवा मुलिस, लिस्त्राक. परदेशातून येणारं कुणी असेल तर सामानात प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिथे नामांकित शातोची दुसरी वाइन घ्यावी, घर तेच आणि किंमत आवाक्यातली. गाजलेल्या शातोचं वाईट साल आणि साध्या शातोचं चांगलं साल समोर असेल तर डोळे मिटून दुसरं उचला.

घरी ठेवणं

वाइनला १२ ते १४ अंश, अंधार आणि स्थिर तापमान हवं. नागपूरच्या मे महिन्यात, किंवा पुण्याच्याही, ते कपाटात मिळत नाही. फ्रिजच्या डोक्यावर ठेवायची पद्धत तर आजच बंद करा, ती घरातली सगळ्यात गरम जागा असते. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. काही महिने सहज निभतं. दहा वर्षं मुरवायची बाटली मात्र अशी घेऊ नये. विकत घेताना बुचाजवळ चिकट ओघळ दिसला किंवा बूच वर सरकलेलं वाटलं तर ती बाटली बहुधा तापलेली आहे. परत ठेवा.

उघडताना

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांचं आहे. आपल्याकडे खोलीत ३० अंश असतात आणि त्या उष्णतेत कॅबर्नेतलं अल्कोहोल नाकात घुसतं, फळ मरतं. हवं १६ ते १८ अंश. ३० अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये तासभर ते सव्वा तास ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं भरलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात नको, पाण्याशिवाय काचेला गारवा नीट लागत नाही. थोडी जास्त गार झाली तर ग्लासात दहा मिनिटांत वर येते. जास्त गरम ओतली तर टेबलावर काही इलाज नाही.

दहा वर्षांच्या आतली असेल तर तास-दीड तास आधी काचेच्या जगमध्ये ओता. महागडं डिकँटर लागत नाही. पाण्याचा स्वच्छ धुतलेला, साबणाचा वास नसलेला जग पुरतो. वीस वर्षांची असेल तर उलटं करा. एक दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा दिवा धरून हळूहळू ओता, मानेत गाळ दिसला की थांबा आणि लगेच प्या. जुन्या वाइनला जास्त हवा सोसत नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे. हवा देऊन तो जात नाही. दुकानदाराला परत द्या, बाटली रिकामी करून नव्हे.

बरोबर काय

मेदोकमध्ये पोयाकचं कोवळं मेंढीचं मटण ही ठरलेली जोडी. मांसातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनचा कोरडेपणा कमी करतात. आपल्याकडे सुकं मटण, खिमा, भाजलेल्या चॉप्स उत्तम, फक्त तिखट हात राखून. तांबडा रस्सा आणि कॅबर्ने एकत्र घेतलं की तिखटाचा जाळ आणि टॅनिन एकमेकांना चढवतात आणि दोन्ही वाया जातात. शाकाहारी पंगतीत काळ्या मिऱ्यात परतलेले मश्रूम, कांदा-खोबऱ्याच्या वाटणातली मसूर आमटी, जुनं कडक चीज. बांगडा, सुरमई यांच्याबरोबर ही वाइन नको. रेडमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात रेंगाळतो. पुरणपोळीबरोबरही नको, गोडाने वाइन आंबट आणि कडू लागते.

उरलेली वाइन अर्ध्या बाटलीत हवा खात ठेवू नका. एखादी छोटी काचेची बाटली काठोकाठ भरा, झाकण लावा, फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस चांगली राहते, तरुण असेल तर चार. त्यानंतर मटण मुरवायला वापरा, किलोला एक वाटी, आणि त्या दिवशी दही घालू नका.